देवगिरी कुठे नेलीत?

गोदावरीचं नाव आलं आणि नांदेडचा वाचक सरसावून बसला. अमीश यांच्या शिवकथेचा दुसरा भाग, 'नागांचे रहस्य'. नागांची लपलेली राजधानी म्हणजे पंचवटी. ती गोदाकाठी, दंडकारण्याच्या पोटात. शिवाचा ताफा ते अरण्य तुडवत तिथवर येतो, आणि नदीतून शत्रूची जहाजं चालून येतात. आता ही पंचवटी नाशिकची धरली, तर समुद्राकडून वर येणाऱ्या जहाजाला दुसरी वाटच नाही. आधी राजमहेंद्री, मग नांदेड, मग पैठण. म्हणजे ती जहाजं आमच्या बंदाघाटासमोरून गेली, नगिनाघाटासमोरून गेली. त्या दिवशी घाटावर कोण उभं होतं? कुणी ती मोजली, कुणी वर निरोप धाडला? मला ते वाचायचं होतं. लेखकाने इथे पाहिलंसुद्धा नाही.

ही तक्रार बारीकसारीक वाटेल, पण अद्भुत कादंबरीत भूगोल हाच कायदा असतो. माणूस अग्निबाण सोडू दे, पक्ष्याशी बोलू दे, वाचक हरकत घेत नाही. पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला तीन दिवस लागतात असं एकदा सांगितलं, की पुढे ते तीनच राहिले पाहिजेत. टोल्किनने आपल्या कल्पित भूमीत अंतरं मोजून ठेवली, चंद्राच्या कलासुद्धा जुळवल्या. त्याची भूमी कुठेच नव्हती तरी. इथे तर भूमी खरी आहे, नद्या खऱ्या आहेत आणि त्यांच्या काठावर आम्ही राहतो. त्यामुळे आमचा हक्क जास्त.

मग देवगिरी. अमीश यांच्या कथेत देवगिरी ही मेलुहाची राजधानी आहे, सरस्वतीच्या काठी, ताम्र, रजत आणि सुवर्ण अशा तीन चौथऱ्यांवर बांधलेली. वर्णन देखणं आहे. पण मराठवाड्यात 'देवगिरी' म्हटलं की डोळ्यापुढे एकच डोंगर उभा राहतो. कातळ ताशीव, खंदक खोल, वर यादवांचं राज्य. 1296 मध्ये अलाउद्दीन त्याच्या पायथ्याशी आला, 1327 मध्ये तुघलकाने दिल्ली तिथे हलवायला काढली आणि गावाला दौलताबाद केलं. आमच्या नांदेडहून मुंबईला जाणाऱ्या गाडीचं नावसुद्धा देवगिरी एक्सप्रेस. ते नाव उचलून सरस्वतीकाठी नेलं आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी पाशुपतास्त्राने भस्म केलं. ती पानं वाचताना माझ्यापुढे सरस्वती आली नाही. खुलताबादच्या वाटेवरून दिसणारा तो सुळका आला. लेखकाला हे कदाचित अभिप्रेतही नसेल. पण वाचक पुस्तकात रिकाम्या हाताने शिरत नाही.

आणि परशुराम! या मालिकेत तो ब्रंग देशाच्या जंगलात सापडतो, थेट पूर्वेला, वाटसरूंना लुटणारा दांडगा म्हणून. व्यक्तिरेखा झकास आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या आईचं ठाणं नांदेड जिल्ह्यात, माहूरच्या गडावर आहे. बापाचा देह कावडीत घालून हिंडणारा, आई भूमीतून पूर्ण वर येण्याआधीच अधीर होऊन तिला हाक मारणारा, आणि म्हणून तिचं फक्त मुखच पाहू शकलेला परशुराम इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्या एका हाकेत अख्खा एक खंड लिहिण्याइतका ऐवज आहे. मुलाच्या अधीरपणामुळे अर्धीच मिळालेली आई. अशी कल्पना जगातल्या कुठल्या अद्भुत मालिकेत आहे, दाखवा मला.

एवढं भांडून झाल्यावर सांगतो, की ही मालिका मला आवडते. 'मेलुहाचे मृत्युंजय', 'नागांचे रहस्य', 'वायुपुत्रांची शपथ'. मूळ इंग्रजी 2010, 2011 आणि 2013 सालचे, तिन्ही मराठीत आले आणि मराठवाड्यात पोचले. जे आवडतं त्याच्याशीच एवढं भांडायचं असतं.

सर्वांत जास्त आवडला तो मधला भाग. मालिकेत मधल्या भागाच्या वाट्याला नेहमी हमाली येते. पहिल्याने पात्रं आणायची, शेवटच्याने युद्ध करायचं, मधल्याने सामान वाहायचं. इथे उलट झालंय. नाग म्हणजे साप नव्हेत, तर शरीरात काही वेगळेपण घेऊन जन्मलेली माणसं, आणि म्हणून जन्मतःच देशाबाहेर टाकलेली, हे दुसऱ्या भागात पुरतं उलगडतं. सतीला तिच्या बापाने सांगितलेलं असतं, की तुझं मूल मेलेलंच जन्मलं. त्या एका खोट्यापायी ती 'विकर्म', म्हणजे शापित, ठरून वर्षानुवर्षं जगते. आणि मग काशीत तिच्यासमोर उभी राहते तिची जुळी बहीण काली, आणि सतीचाच मुलगा, गणेश. हत्तीसारख्या तोंडाचा, थोराड, संकोची. आईला नुसतं पाहायला आलेला. सती त्याला कवटाळते. ज्या घरात वेगळं मूल जन्मलंय, ज्या घराने ते पाहुण्यांपासून लपवलंय, त्या घरात हे पान वाचलं जातं तेव्हा काय होत असेल याचा विचार समीक्षकांनी करावा. पुराणातली गोष्ट उलगडून तिच्यात एवढी माणुसकी भरणं हे सोपं काम नाही. इथे लेखकाला मनापासून दाद.

आता तिसऱ्या भागाकडे. तिन्हींत सर्वांत जाड हाच.

पहिल्या भागात सोमरस हे अमृत असतं. माणसाला शेकडो वर्षं जगवणारं पेय, मेलुहाच्या वैभवाचं मूळ. तिसऱ्या भागात मेलुहाचा शास्त्रज्ञ बृहस्पती शिवाला समजावून सांगतो, की तेच पेय आता विष झालंय. ते बनवायला सरस्वतीचं पाणी अफाट लागतं, म्हणून सरस्वती आटत चालली आहे. त्याची घाण त्सांगपो नदीच्या पाण्यात सोडलेली, ती ब्रंगात उतरते आणि तिथे रोगराई माजते. नाग मुलं वेगळ्या शरीराची का जन्मतात, त्याचंही मूळ हेच. म्हणजे काही लोकांना दीर्घ आयुष्य मिळावं म्हणून एक नदी मारायची, आणि खालच्या अंगाच्या लोकांना आजार द्यायचे. हे प्रकरण मुंबईत कुणी वाचलं तर त्याला ती एक कल्पक युक्ती वाटेल. लातूरमध्ये तसं वाचता येत नाही.

लातूरच्या वाचकाला 2016 आठवतं. मांजरा धरण कोरडं. पाण्याच्या टाक्यांभोवती मार्चमध्ये 144 कलम लावलेलं. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. लोक फलाटावर गाडीला हार घालायला गेले होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. आणि त्याच मराठवाड्याच्या शेतांत ऊस उभा होता, त्याच मराठवाड्यात कारखान्यांचे गाळप हंगाम होऊन गेले होते. ऊस पाणी किती पितो हे इथल्या शेतकऱ्याला कुणा बृहस्पतीने सांगायची गरज नाही. तरी तो ऊस लावतो, कारण हमीचा पैसा तिथेच दिसतो. ज्याच्या जिवावर वैभव आलं तेच गावाचं पाणी पितं, हे ठाऊक असूनही सोडता येत नाही. सोमरसाची गोष्ट म्हणजे ही गोष्ट.

म्हणून माझा राग इथे आहे. लेखकाने एवढं मोठं सत्य हाती धरलं आणि प्रवचन म्हणून सांगून टाकलं. बृहस्पती बोलतो, शिव ऐकतो, पानं उलटतात, संपलं. सरस्वतीकाठचा एखादा शेतकरी दाखवा ना! विहीर खोल करत करत जाणारा. एखादी बाई दाखवा, जिचा सकाळचा सगळा वेळ हंड्यांच्या रांगेत जातो आणि जी त्याच रांगेत उभी राहून सोमरसाच्या जयजयकारात सामीलही होते. नदी मरते तेव्हा आवाज येत नाही. कादंबरीने तो आवाज द्यायचा असतो. पुढे युद्ध सुरू होतं, सैन्यं हलतात, व्यूह रचले जातात, आणि जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती सरस्वती मागेच राहते. शेकडो पानांत तिची वाळू कुणी हातात घेत नाही.

पण पर्वतेश्वर! त्या एका माणसासाठी तिसरा भाग मी कुणालाही वाचायला देईन. मेलुहाचा हा सेनापती शिवाला देव मानतो. सोमरस वाईट आहे हे त्याला पटलेलं आहे. आणि तरी तो लढतो मेलुहाकडूनच, कारण मेलुहा त्याची माती आहे. शेवटी देवगिरी जळणार हे कळल्यावरही तो बाहेर पडत नाही, आणि त्याची बायको आनंदमयी त्याच्यासोबत थांबते. अशी माणसं आम्ही पाहिली आहेत. कारखाना पाणी पितोय हे उघड बोलणारा आणि तरी वार्षिक सभेत कारखान्याच्या बाजूने हात वर करणारा सभासद आम्ही पाहिला आहे. त्याला भ्याड म्हणणं फार सोपं आहे. अमीश यांनी पर्वतेश्वराला भ्याड केलं नाही, त्याचा मान ठेवला. मालिकेतलं सर्वांत प्रौढ लेखन ते हेच.

सतीचा अंतही चांगला लिहिलाय. शांततेच्या बोलणीचं निमित्त, दगा, आणि एकटी लढत राहिलेली बाई. तिथे भाषा आपोआप आखूड होते, उपदेश थांबतो. असं पुस्तकभर झालं असतं तर! वासुदेव पंडित मनातल्या मनात शिवाशी बोलतात ती प्रकरणं मात्र निम्मी कापली तरी चालली असती. सत्प्रवृत्ती काय, दुष्प्रवृत्ती काय, समतोल काय, यावर इतकी चर्चा होते, की कथा दाराबाहेर ताटकळते. आणि शेवट? एवढी मोठी इमारत रचल्यावर तो घाईघाईत उरकलाय. वायुपुत्रांचा देश परिहा हा एवढा दूरचा प्रवास, शपथ तर पुस्तकाच्या नावातच, आणि शिव तिथे जातो काय, अस्त्र घेऊन परततो काय. तो प्रदेश डोळ्यांपुढे उभाच राहत नाही.

इतकं बोललो की ठरलेला प्रश्न येतो. मोठ्या माणसाने हे असलं वाचावं का? राक्षस, अस्त्रं, जादू, हे पोरांचं वाचन. मराठीत हा शेरा सहज मारला जातो आणि तो मारणाऱ्याने पुस्तक बहुधा उघडलेलं नसतं. असा शेरा मारणाऱ्यांच्या आजीला विचारा. श्रीधराचा 'पांडवप्रताप' 64 अध्यायांचा, 'रामविजय' 40 अध्यायांचा. चातुर्मासात रोज एक अध्याय लावला, तर साडेतीन महिने पुरेल एवढी मालिका ती ऐकत होती. काल कुठे थांबलो हे तिला पाठ असायचं. अभिमन्यू पडला त्या दिवशी घरात जेवण नीट होत नसे. ती अडाणी नव्हती. लांब गोष्ट मनात धरून ठेवायची जी ताकद लागते, ती तिच्यात भरपूर होती.

आणि गंभीर वाचकाचा दाखलाच हवा असेल तर तोही नांदेडचाच. पीपल्स कॉलेजमध्ये शिकवणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी महाभारतावर लिहिलं, 'व्यासांचे शिल्प' लिहिलं. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची पत्ररूप दीर्घ प्रस्तावना आहे. मोठ्या कथेसमोर त्यांनी हात जोडले नाहीत आणि नाकही मुरडलं नाही. ते प्रश्न विचारत बसले. हा माणूस असा का वागला, त्या काळात हे शक्य होतं का, लेखकाने इथे नजर का वळवली. कुरुंदकर 1982 मध्ये गेले. अद्भुत मालिका वाचताना तेच प्रश्न विचारायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. शिवाने पाशुपतास्त्र सोडणं न्याय्य होतं का? नगरीत उरलेल्या सामान्य माणसांचं काय? लातूरच्या वसतिगृहांत नीटचा अभ्यास करणारी, रात्री उशीखाली जाड पुस्तक ठेवणारी मुलं या प्रश्नांवर तावातावाने बोलतात. प्राध्यापकांनी त्या खोल्यांत बसून ऐकावं.

आता मूळ दुखण्यावर येतो. गोदाकाठच्या अद्भुत कथेला गोदाकाठाने कसं वागवलं, याची पहिली गोष्ट पैठणची आहे. सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य होता. राजाला संस्कृत शिकवण्याच्या पैजेत तो हरला आणि बोलल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत, देशी, तिन्ही भाषा सोडल्या. मग रानात जाऊन पैशाची भाषेत त्याने सात वर्षांत सात लाख श्लोकांची कथा रचली. शाई नव्हती, तर स्वतःच्या रक्ताने लिहिली. शिष्य गुणदेव आणि नंदिदेव ती घेऊन राजाकडे गेले. राजाचा अभिप्राय काय, तर लांबी दांडगी आहे, पण भाषा रुक्ष आणि अक्षरं रक्ताची. परत न्या.

गुणाढ्याने टेकडीवर अग्निकुंड पेटवलं. एक एक पान मोठ्याने वाचायचा आणि आगीत टाकायचा. हरणं, डुकरं, म्हशी, पाखरं भोवती जमली. चरणं सोडून, डोळ्यांतून पाणी गाळत ऐकत राहिली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, वाळकं मांस खाल्ल्याने हे झालं. आचाऱ्यांनी शिकाऱ्यांकडे बोट दाखवलं. शिकारी म्हणाले, रानात एक माणूस पोथी वाचून जाळतोय, जनावरं खातच नाहीत, ती सुकली. राजा धावला. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. नरवाहनदत्ताची एक लाखाची कथा शिष्यांना आवडायची म्हणून तेवढी राखली होती.

हे सारं सोमदेवाने अकराव्या शतकात 'कथासरित्सागरा'त सांगून ठेवलंय, काश्मीरमध्ये बसून. क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी'ही काश्मीरचीच. याच कथेच्या बुधस्वामीच्या पोथ्या सापडल्या नेपाळमध्ये. मूळ पैशाची ग्रंथ गेला तो गेलाच. पैठणची कथा परक्या मुलखाने सांभाळली, आणि इथल्या माणसाला गुणाढ्य कोण हे पाठ्यपुस्तकही सांगत नाही. शाळेत भूगोलाच्या तासाला गोदावरीची लांबी घोकून घेतात, 1465 किलोमीटर. तिच्या काठच्या कवीने जगातल्या थोर अद्भुत मालिकांपैकी एक रचली, हे सांगायला तास सापडत नाही.

म्हणून अमीश यांच्यावर रागवून थांबता येत नाही. त्यांनी निदान पंचवटीपर्यंत येऊन पाहिलं. आमचे मराठी लेखक कुठे आहेत? राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरचे अधिपती म्हणवत, ते लत्तलूर म्हणजे लातूर, असं बहुतेक अभ्यासक मानतात. वेरूळचं कैलास कोरवणारं घराणं ज्या गावाच्या नावाने मिरवत होतं, त्या गावावर एक अद्भुत कादंबरी नसावी? कंधारला जा. जगत्तुंग सागराचं पाणी आहे, किल्ला आहे, आणि एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे तुकडे आहेत. उभा असताना तो केवढा दिसत असेल, या विचारानेच मान वर होते. तो तुटला कसा, कुणी तोडला, तोडताना काय जागं झालं? पहिल्या खंडाचं पहिलं प्रकरण तयार आहे. आणि 1708 चं नांदेड! गोदाकाठी आश्रम करून राहिलेला बैरागी माधोदास, ज्याच्या सिद्धींचा दरारा होता, गुरू गोबिंदसिंगांच्या समोर आला आणि बंदासिंग होऊन पंजाबकडे निघाला. सिद्धी टाकून तलवार उचलणारा माणूस. हे आदराने, अभ्यासाने लिहायला हवं, पण लिहायला हवं.

प्रकाशक म्हणतात, एवढ्या खंडांचा खर्च कोण घालणार. अनुवादाला तोच वाचक जाड खंडांचे पैसे मोजतो, याचा हिशोब त्यांनी आपल्याच कपाटात पाहावा. आणि लेखकांनी पहिला खंड लिहिताना शेवटचा ठरवून ठेवावा. जॉर्ज मार्टिनच्या मालिकेचा पाचवा भाग 2011 मध्ये आला, पुढच्याची वाट अख्खं जग बघतंय. रॉबर्ट जॉर्डन मालिका अर्धी टाकून 2007 मध्ये गेला, दुसऱ्या लेखकाने ती 2013 मध्ये चौदाव्या खंडात पुरी केली. वाचक थांबतो, पण त्याच्या थांबण्याला लेखकाने गृहीत धरू नये.

शेवटचं भांडण सार्वजनिक ग्रंथालयांशी. कपाटात 'मेलुहाचे मृत्युंजय' असतं, 'वायुपुत्रांची शपथ' असतं, मधला भाग नसतो. कुणी नेला, परत आला नाही, पुन्हा मागवला नाही. ग्रंथपाल म्हणतात, पहिला वाचा आणि तिसरा वाचा, कळतं सगळं. नाही कळत! अनुदानाची यादी करताना तो दुसरा भाग आधी लिहा. आपलं मूल जिवंत आहे, हे सतीला त्याच भागात कळतं.